जशी लिहिली, तशी

सातवी चिठ्ठी तिने वाचली, पुन्हा घडी घातली आणि बाकीच्या सहांच्या खाली सरकवली. मग वरच्या सहा चिठ्ठ्यांच्या कडा जुळवल्या. त्या आधीच जुळलेल्या होत्या.

उपासनेला वीस मिनिटं होती. शेजारच्या दालनात कुणीतरी बाकं ओढत होतं. प्रार्थनेच्या पेटीत मंडळी आठवडाभर चिठ्ठ्या टाकत. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही आणि वाचणाऱ्याने ती जशी लिहिली तशी वाचायची, एवढाच नियम. प्रत्येक चिठ्ठीनंतर सगळे मिळून म्हणत, 'प्रभू, आमची प्रार्थना ऐक.' बरीच वर्षं हे वाचन तिच्याकडेच होतं, आणि नाव नसलं तरी अक्षर कुणाचं ते तिला कळायचं. आज पहिल्या चिठ्ठीत गायनवृंदातल्या सर्वांत थोरल्या बाईंचे गुडघे होते. दुसरीत एका आजोबांनी नातवाला गणितात पास कर म्हटलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'अभ्यास तो करणार नाही, तेव्हा सगळी भिस्त तुझ्यावर.'

सातवीत लिहिलं होतं: 'चार वर्षांपूर्वी माझ्या बायकोची गाठ साधी आहे, असा निकाल ज्याच्या चुकीमुळे आला, त्याला देवा, तू कधीही क्षमा करू नकोस.'

अक्षर मंडळीतल्या, किल्ल्या करून देणाऱ्या किल्लीवाल्यांचं होतं.

पाळक झग्याची बटणं लावत आत आले. "झाल्या लावून?"

तिने सातवी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला आणि पुसायला काही न सापडल्याने परत डोळ्यांवर चढवला.

"ही बाजूला ठेवा. मी नंतर बोलतो त्यांच्याशी."

"जशी लिहिली तशी वाचायची, असं तुम्हीच सांगितलं होतं."

"अहो, ते गुडघ्यांसाठी!"

ती हसली नाही. "बायको गेल्यापासून दोन वर्षं ते कुणाशी धड बोललेले नाहीत, पाळकसाहेब. आज पहिल्यांदा काही मागतायत."

"असलं मागणं देव ऐकत नाही."

"आपण तर ऐकू."

पाळकांनी चिठ्ठी परत दिली. ती चूक कुणाची होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मंडळीत तिच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती एका तपासणी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. शरीरातून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, ते काचेवर चढवायचे आणि काचेवर ठोकळ्याचा आकडा घालायचा, हे तिचं काम. निदान करणारे डॉक्टर फक्त काच बघतात. त्या दुपारी एकाच ठोकळ्याचे काप दोन काचांवर चढले आणि शेजारच्या, किल्लीवाल्यांच्या बायकोच्या ठोकळ्याला सुरी लागलीच नाही. डॉक्टरांनी दोन्ही काचा बघितल्या, दोन्ही साध्या होत्या. वर्षभराने गाठ वाढली तेव्हा जुना ठोकळा कपाटातून काढून तिनेच कापला. त्याच्यावर पूर्वीच्या सुरीची एकही खूण नव्हती. तासाभरात तिने प्रयोगशाळेच्या साहेबांना लेखी कळवलं. घरच्यांना पत्र गेलं, त्यात 'तांत्रिक चूक' असे दोन शब्द होते. नाव बाहेर सांगायचं नाही, अशी तंबी होती. तेव्हापासून तिने एकही रजा घेतली नव्हती. प्रत्येक आकडा ती तीनदा वाचायची.

गुडघ्यांसाठी सगळे खड्या आवाजात म्हणाले, 'प्रभू, आमची प्रार्थना ऐक.' गणितावर बाकांतून हसू फुटलं. सातवी चिठ्ठी तिने त्याच आवाजात वाचली, शेवटच्या शब्दापर्यंत. मग दालनात कुणी हललं नाही. सवयीने कुणाचा तरी आवाज अर्धा वर आला आणि विरून गेला. पाळक जमिनीकडे बघत होते.

"प्रभू, आमची प्रार्थना ऐक," ती एकटीच स्पष्ट म्हणाली.

उपासना संपल्यावर मंडळी नेहमीपेक्षा लवकर पांगली. किल्लीवाले बाकावर बसून राहिले. ती चिठ्ठ्या घेऊन जवळून जायला लागली तेव्हा ते सरकले आणि जागा केली.

"मला वाटलं होतं, गाळाल."

"गाळायची नसते."

"'प्रार्थना ऐक' हे माझ्याच तोंडून फुटलं नाही. तुम्ही मात्र म्हणालात."

ती बसली. "त्या काचा मी केल्या होत्या, भाऊ. तुम्ही जिच्याबद्दल लिहिलंय, ती मीच."

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. नखांत कानशीचा काळा कीस बसलेला होता. पलीकडे पाळक एकेक खिडकी लावत होते. किल्लीवाल्यांनी मान वर केली.

"हे सांगायला इतकी वर्षं लागली?"

"सांगायचं नाही असा नियम होता. मला तो सोयीचा पडला."

"काय झालं होतं? नीट सांगा. मी किल्ल्या करतो. किल्ली चुकते म्हणजे हात कुठेतरी घसरलेला असतो. तुमचा कुठे घसरला?"

तिने सांगितलं. ठोकळे, काप, आकडे, वेळ, सगळं क्रमाने, साहेबांना लिहून दिलं होतं तसंच.

"हे झालं काय चुकलं ते. का चुकलं? रोज तर नाही ना चुकत. त्या दिवशी काय होतं?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"ताप होता थोडा."

"थोडा म्हणजे किती?"

"एकशे दोन." हा आकडा तिने कुठल्याही कागदावर लिहिला नव्हता. रात्री देवापुढे मनात सगळं पहिल्यापासून मांडताना सुद्धा ती तो वगळायची. तो घातला की सगळं सवलत मागितल्यासारखं दिसायचं.

"एकशे दोन! आणि घरी नाही गेलात?"

"दुसरं कुणी नव्हतं. लोक निकालासाठी जीव मुठीत धरून बसलेले असतात. त्यांना ताटकळत ठेवायचं म्हणजे..."

"एक दिवस," किल्लीवाले म्हणाले. त्यांचा आवाज चढला आणि खिडकीपाशी पाळक थांबले. "अहो, एक दिवस आम्ही थांबलो असतो की!"

तिने हातातल्या चिठ्ठ्यांच्या कडा पुन्हा जुळवल्या.

"माझी बायकोही तसलीच. गाठ हाताला लागली तरी चार महिने अंगावर काढली. म्हणे, पोरीचं बाळंतपण होऊ दे, मग बघू. सगळं अंगावर काढायचं आणि वर म्हणायचं, दुसऱ्यांसाठी करतो." ते उठले आणि बाकाच्या पाठीला धरून उभे राहिले. "माझ्याच्याने क्षमा व्हायची नाही, ताई."

"मी मागितलेली नाही."

"ते दिसतंय मला." ते दारापर्यंत गेले आणि वळले. "पुढच्या रविवारी मी हीच चिठ्ठी टाकणार. देवाशी खोटं कशाला बोलू?"

"टाका. मी वाचेन."

"तुम्ही नाही वाचायची."

"पण दुसरं कुणी..." ती मध्येच थांबली.

"नसू दे. तशीच पडून राहील पेटीत." त्यांनी टोपी चढवली. "काही आभाळ कोसळत नाही."

त्यांची पावलं पायऱ्यांवर ऐकू आली, मग नाही. ती मागच्या खोलीत गेली. पाळक झगा खुंटीला लावत होते. त्यांनी किती ऐकलं होतं, ते त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं.

"पुढच्या रविवारी मी वाचणार नाही," ती म्हणाली.

"का हो? बरं आहे ना?"

ठीक आहे, म्हणायला तिने तोंड उघडलं. चिठ्ठ्या अजून हातातच होत्या. घामाने सातवीची शाई अंगठ्याला लागली होती.

"नाही," ती म्हणाली. "बरं नाहीये."

भिंतीपाशी एकच खुर्ची होती, तिच्यावरची पुस्तकं उचलून पाळकांनी खाली ठेवली आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ती उभी राहिली.