मानीबाईचा ढावलो आणि माझ्यातला भुंगा

मी एक अ‍ॅम्प्लिफायर बोलतोय. दुकानातला नव्हे, घरी जोडलेला. अंग बिस्किटांच्या डब्याच्या पत्र्याचं, ट्रान्सफॉर्मर मोडक्या रेडिओचा, वर काचेचे व्हॉल्व्ह.

राजूरच्या कोळसा खाणीत वायरमन असलेल्या खेमसिंगनं १९५८ साली मला जोडलं, ते आईसाठी. ही मानीबाई आर्णीकडच्या बंजारा तांड्यावरची. लेकीच्या पाठवणीला रडत गायचा ढावलो म्हणावा तो तिनंच. पण खोकल्यानं तिचा आवाज बारीक झाला होता. धाकट्या बहिणीच्या, नंदाच्या लग्नात याडीचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचावा, एवढाच खेमसिंगचा हट्ट. आईला तो याडी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो.

माझ्यात मात्र खोट होती. बटण दाबलं की कर्ण्यातून घूंऽऽ निघायचं. याडी त्याला भुंगा म्हणायची.

"याडी, तू चूप राय. भुंगा कुठून येऊन राह्यला ते मले आयकू दे," खेमसिंग म्हणायचा. ती माईकपुढे गप्प बसून राहायची.

त्यानं कंडेन्सर बदलला, भुंगा निम्मा झाला. व्हॉल्व्हच्या तारा एकमेकींत पिळल्या, आणखी उतरला. शेवटी ट्रान्सफॉर्मर उचलून दुसऱ्या टोकाला बसवला, तेव्हा कुठे कर्णा शांत झाला. याडीनं एक ओळ म्हटली. खेमसिंगचे डोळे भरून आले. मलाही वाटलं, आपला जन्म सार्थकी लागला.

लग्न क्वार्टरसमोरच्या मांडवात झालं. वऱ्हाडाला लांब ढाणकीला जायचं होतं, त्यांची घाई चाललेली. नंदा आईच्या गळ्यात पडली. याडीनं सूर लावला, आणि त्याच क्षणी माझ्यातून घूंऽऽ सुटलं.

कोणाचं लक्षही नव्हतं. बाया रडत होत्या. पण खेमसिंगला ते सहन होईना.

"थांब याडी, थांब! भुंगा आला. आत्ता काढतो."

याडी थांबली. तिला सवयच लागली होती.

खेमसिंगनं माझे व्हॉल्व्ह चाचपले, तारा हलवल्या. काही सापडेना. मग माईकची तार धरून तो मागे मागे गेला. मांडवाच्या लोखंडी खांबावर ती घासून उघडी पडली होती आणि दिव्यांची अर्थिंगही त्याच खांबाला होती; भुंगा तिथूनच शिरत होता. त्यानं तार सोडवली, तिला फडकं गुंडाळलं. भुंगा गेला.

"म्हण आता, याडी!" तो आनंदानं ओरडला.

याडी रस्त्याकडे पाहत होती. नंदाची मोटार वळणापलीकडे गेली होती, मागे नुसती धूळ.

"आता कोणाले म्हणू रे?"

ती माईकपुढेच बोलली. तिचे ते शब्द मी अगदी स्वच्छ, शेवटच्या माणसापर्यंत पोचवले.

खेमसिंगनं माझं बटण बंद केलं. नंतर त्यानं मला कापडात गुंडाळून कपाटावर ठेवलं. खाणीतले लोक गणपतीला मला मागायला येतात. तो म्हणतो, "बिघडला आहे." मी बिघडलेलो नाही, हे त्याला ठाऊक आहे.

याडी तांड्यावर परत गेली. तिथे अजून वीज नाही. नंदा माहेरपणाला येते, पण ढावलो पाठवणीचाच, मागाहून म्हणत नाहीत.

आता १९६६ उजाडलंय. याडी थकली आहे, म्हणतात. तांड्यावर तारा पोचल्याच, तर मला तिकडे न्या आणि तिच्यापुढे ठेवा. तिला हवं ते गाऊ द्या. माझ्यातून भुंगा आला तर येऊ द्या, पण तिला मध्येच थांबवू नका.