पंप जागेवर राहीना

पंप तिसऱ्यांदा पडला तेव्हा मी ऑफिसात होते. आईचा फोन आला.

"अपर्णा, तुह्या टाकीत सारा धुरळा उठून राहिला. मासे दिसूनच नाई राहिले. काय करू मी?"

"पंपाचं बटन बंद कर, आई. वरून दुसरं."

"इथं तर सहा बटनं हायेत. कुठून वरून?"

तिने आधी लाइट बंद केला, मग हीटर बंद केला, मग पंप. नवा रायपुरातून चौबे कॉलोनीत पोचायला मला तासभर लागतो आणि बस चुकली तर दीड. घरी आले तेव्हा चार फुटांची टाकी चहासारखी गढूळ झाली होती. पंप वाळूत उताणा पडला होता आणि माझ्या हॅमर कोरलवर बोटभर वाळू साचली होती.

ही टाकी खाऱ्या पाण्याची आहे. रायपूरपासून समुद्र कुठल्याही बाजूने दूरच, त्यामुळे आमचा समुद्र पाकिटातून येतो. फिल्टरच्या पाण्यात मीठ मोजून मिसळायचं, रात्रभर ढवळत ठेवायचं. कोरल, म्हणजे प्रवाळ, जागचं हलत नाही, त्याचं खाणं पाण्याबरोबर वाहत येतं, म्हणून पाणी सतत हलतं ठेवावं लागतं. ते काम पंपाचं. पंप काचेला धरून ठेवायला दोन चुंबक असतात. एक आत, पंपाच्या पाठीला, दुसरा बाहेर. मध्ये काच. दोघं एकमेकांना ओढतात आणि पंप लटकून राहतो.

माझा राहत नव्हता. खोक्यावर लिहिलं होतं, दहा मिलिमीटरपर्यंतच्या काचेसाठी. माझी काच बारा. टाकी बनवणारा म्हणाला होता, दीदी, बारा की लो, मजबूत रहेगी, आणि मी घेतली होती. त्या दोन मिलिमीटरांनी माझा जीव घेतला. पंप चालताना थरथरायचा, काचेवर शेवाळाचा बुळबुळीत थर यायचा, आणि पंप रोज थोडाथोडा खाली सरकायचा. मी सकाळी वर ढकलून जायची, संध्याकाळी तो चार बोटं खाली. व्हिनेगरने काच पुसून पाहिली. मधे रबर लावून पाहिलं, तर अंतर वाढून तो आणखीच लवकर घसरला. नागपूरच्या ज्या दुकानातून मी सामान मागवते, तिथल्या शिशिरने मोठ्या चुंबकाचा सेट सांगितला. तो स्टॉकमध्ये नव्हता. "पंधरा दिवसांत येईल," असं त्याने मला तीन वेळा सांगितलं.

त्या संध्याकाळी मी कोरलवरची वाळू हळूहळू फुंकून काढत होते. दोन वर्षांपूर्वी आणलं तेव्हा त्याला दोन तोंडं होती. आता अकरा. प्रत्येकाच्या टोकाला हातोडीसारखा हिरवा गोंडा. मी रोज सकाळी ती मोजायची.

बाबा बाल्कनीतून उठून आत आले.

बाबांचं नाव नत्थू. उरल्याच्या एका स्टील कारखान्यात त्यांनी एकोणतीस वर्षं क्रेन चालवली. साधी क्रेन नाही, चुंबकाची. भली मोठी चकती भंगारावर सोडायची, करंट दिला की लोखंड चिकटतं, करंट काढला की पडतं. रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून ते बाल्कनीत पेपर घेऊन बसायचे आणि पेपर संपला की तोच पुन्हा वाचायचे. माझ्या टाकीकडे त्यांनी कधी नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. मासे खायचे असतात, बघायचे नाहीत, असं त्यांचं मत.

त्या दिवशी त्यांनी बाहेरच्या चुंबकावर तळवा ठेवला, थोडा हलवून पाहिला.

"काच किती एमएम?"

"बारा."

"मंग हे काहून पकडंन? गॅप वाढला का ताकद सरळ खाली येते. थो चुंबक दहाचा हाय, तू बाराला लावून राहिली."

"ते मला माहीत आहे, बाबा. मोठा मिळत नाही ना."

"भेटते. शंकरले फोन करतो."

शंकरकाका म्हणजे बाबांचे कारखान्यातले जुने जोडीदार. दोन दिवसांनी बाबा स्वतः उरल्याला जाऊन आले. आणलेल्या डब्यात जाड पुठ्ठ्यात गुंडाळलेल्या चुंबकाच्या आठ चकत्या होत्या, चांदीसारख्या चकचकीत. बाबांनी आईला लांब उभं केलं आणि मला एक चकती टेबलावर ठेवून दुसरी जवळ आणून दाखवली. वीतभर अंतरावरून ती उडाली आणि ठक्कन चिकटली.

"बोट मधात आलं असतं तर नख गेलं असतं," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा मी खूप वर्षांनी असा पाहिला. "सरकवून काढाचं. ओढाचं नाई."

आठवडाभर ते कामाला लागले. पाण्यात जाणाऱ्या चार चकत्या प्लास्टिकच्या टोपणात बसवल्या, पाणी आत जाऊ नये म्हणून वरून इपॉक्सीचे दोन हात दिले, वाळवलं, पॉलिश पेपरने घासलं, पुन्हा एक हात दिला. बाहेरच्या तुकड्याला काच ओरखडू नये म्हणून नमद्याचा कपडा लावला. मी ऑफिसातून आले की आधी मला सगळं दाखवायचे. मी बघायची आणि हो म्हणायची.

त्या चुंबकांवर पंप लावला आणि तो हलला नाही. एक दिवस, दोन दिवस, वीस दिवस. केसभरसुद्धा नाही. मी ऑफिसात फोनकडे न बघता जेवू लागले. बाबा सकाळी माझ्याआधी उठून टाकीपाशी उभे राहायचे. माझ्या मामाला फोनवर सांगताना मी ऐकलं, "अरे कंपनीचा टिकत नोयता. मंग म्या बनवला."

पाचव्या आठवड्यात पहिली गोगलगाय मेली.

टाकीत सहा होत्या, काच साफ करायला ठेवलेल्या. एक उलटी पडली, मी सरळ केली, पुन्हा पडली. त्या आठवड्यात चार गेल्या. मग कोरल मिटायला लागलं. सकाळी फुलायचं ते दुपारी फुलायला लागलं, मग अर्धंच. मासे मात्र मजेत. दोन्ही क्लाउन मासे दाण्यांवर तुटून पडायचे.

मी पाणी तपासलं. मीठ बरोबर, तापमान बरोबर, अमोनिया शून्य. पुन्हा तपासलं. टेस्टच्या बाटल्या जुन्या असतील म्हणून नव्या मागवल्या, त्यांनीही तेच सांगितलं. सगळं ठीक आणि माझ्या डोळ्यांसमोर सगळं मरतंय. मी दर तिसऱ्या दिवशी बादल्या भरभरून पाणी बदललं. दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

मग मी घरातल्या लोकांवर घसरले. फरशीला फिनाइल नको म्हटलं. मच्छरचं मशीन काढून टाकलं. आई रोज बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे अगरबत्ती लावते, त्याच खोलीत. मी म्हटलं, आई, ती पण बंद कर, धूर पाण्यात जातो.

"आता अगरबत्तीनं मरून राहिले तुहे मासे?"

"मासे नाही मरत, आई. बाकी सगळं मरतंय."

दुसऱ्या दिवसापासून आईने नुसतं फूल ठेवलं.

शिशिरला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "मासे ठीक आणि गोगलगायी मरताहेत? दीदी, आत कुठे मेटल आहे का? तांब्याचा थोडा अंशही त्यांना चालत नाही."

"काही नाही."

"एकदा देख लो. काही गंजलेलं?"

मी हीटरची क्लिप पाहिली, फिल्टरचे सगळे भाग काढून पाहिले, झाकणाच्या बिजागऱ्या पाहिल्या. पंपाकडे पाहिलं नाही. तो जागेवर होता, म्हणून पाहिलं नाही.

रविवारी सकाळी काच घासायला म्हणून मी, बाबांनी शिकवलं तसं, बाहेरचा तुकडा सरकवत काठापर्यंत नेला आणि आतला पाण्याबाहेर काढला. माझ्या अंगठ्यावर तपकिरी पाणी ओघळलं. टोपणाच्या कोपऱ्यात इपॉक्सीला केसासारखी चीर होती आणि त्याखाली फुगलं होतं. नखाने दाबलं तर पापुद्रा निघून आला. आतली चांदीसारखी चकती काळी-तपकिरी झाली होती, तिचा मुलामा सोलून निघत होता. त्या मुलाम्यात निकेल असतं. आणि तांबं.

मी तो तुकडा प्लास्टिकच्या ताटलीत ठेवून बाल्कनीत गेले. बाबा पेपर वाचत होते.

"बाबा, हे काय लावलं तुम्ही?"

त्यांनी चष्मा वर केला.

"दीड महिना हे गंजून राहिलंय पाण्यात. मी वेड्यासारखी पाणी बदलतेय, आईची अगरबत्ती बंद केली मी! हे भंगार उचलायचं काम नाही, बाबा. जिवंत आहे आत सगळं. तुम्हाला फक्त भंगारच कळतं."

त्यांनी ताटली हातात घेतली. चिरेवरून नख फिरवलं. बराच वेळ बघत राहिले आणि मग ताटली मला परत दिली.

त्यानंतर मी हॉलमध्ये असले की ते हॉलमध्ये येत नसत. आई म्हणाली, "दोन दिवस झाले, धड जेवून नाई राहिले." मी म्हटलं, मी पण नाही जेवले.

खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा वाईट वाटलं नाही, रागच आला होता आणि तो राग बराच माझ्यावरही होता. कारण मला माहीत होतं. खाऱ्या पाण्यात चुंबकाचं आवरण जरा जरी फुटलं तर काय होतं, हे मी टाकी घेण्याच्या आधीच वाचलं होतं. बाबा इपॉक्सीचे हात देत होते तेव्हा माझ्या मनात आलंही होतं, हे टिकेल का. मी विचारलं नाही. ते तीन वर्षांत पहिल्यांदा कुठल्या कामात होते आणि मला तो आठवडा मोडायचा नव्हता. मग भंगाराचं बोलताना मला तो आठवडा आठवला नाही.

पाण्यातला धातू शोषून घ्यायला कोळशाच्या पिशव्या आणून फिल्टरमध्ये टाकल्या, पाणी बदलत राहिले. अकरापैकी आठ तोंडं गेली. मऊ भाग गळून नुसता पांढरा सांगाडा राहिला. तीन वाचली. गोगलगायी दोन.

आणि मग, तीन महिन्यांनी, नागपूरहून मोठ्या चुंबकाचा सेट आला. पंधरा मिलिमीटरपर्यंतच्या काचेचा. मी खोकं उघडलं, आता शहाणी झाले होते म्हणून टॉर्च घेऊन आतला तुकडा सगळीकडून पाहिला. कोपऱ्यावर चीर. कुरियरवाल्याने कुठेतरी आपटला असणार. मी शिशिरला फोटो पाठवला. त्याने लिहिलं, "बदलून देतो दीदी, पंधरा दिवस."

मी तिथेच फरशीवर बसले. रडू येत होतं आणि एका प्लास्टिकच्या तुकड्यासाठी रडायची लाजही वाटत होती. बाबा पाणी प्यायला स्वयंपाकघरात चालले होते, ते थांबले. माझ्या हातातून त्यांनी तो तुकडा घेतला, उजेडाकडे धरला.

"चीर हाय."

"हो."

"नको लावू."

"मग काय लावू, बाबा? सांगा ना तुम्ही. मला आता सुचत नाही."

ते बाल्कनीत जाऊन जुन्या पेपरांचा गठ्ठा घेऊन आले. पेपरांच्या समासात पेनने बारीक आकृत्या काढल्या होत्या, एकावर एक, तारखा पाहिल्या तर पंधरा-वीस दिवसांच्या. एक पीव्हीसीचा पाइप, वरून वाकवलेला, टाकीच्या काठावर आकड्यासारखा अडकणारा. खाली पंप.

"चुंबकच नको. वरून लटकव. लोखंड कुठीच नाई, स्क्रू बी प्लास्टिकचा. थरथर होईन, म्हणून इथं एक टेकू देल्ला काचेले."

"कधी बनवता?"

"बनून राहिला. पन टाकीत नाई टाकत सध्या. आधी बादलीत, खाऱ्या पान्यात. पंधरा दिवस."

"बाबा, पंधरा दिवस पुन्हा? हा पीव्हीसी आहे, याला काय होणार?"

"पंधरा दिवस," बाबा म्हणाले.

मी हव म्हटलं.

बाल्कनीत बादली आली. माझ्याकडून मीठ मोजून घेतलं, पाणीही माझंच. रोज सकाळी बाबा पाइप बाहेर काढून पांढऱ्या फडक्याने पुसायचे, फडकं उजेडात बघायचे आणि त्याच्या कोपऱ्यात तारीख लिहून तारेवर वाळत टाकायचे. तोवर पंप मी दगडांच्या फटीत अडकवून ठेवला होता. तो दोनदा पडलाच. एकदा माझ्या समोर पडला, मी नुसतं बटन बंद केलं आणि पुन्हा अडकवला.

सोळाव्या दिवशी पाइप लागला. दिसायला वाईट आहे. पांढरा पाइप काठावरून आत वाकलेला, त्यावर मिठाचे पांढरे थर येतात, ते रोज पुसावे लागतात. झाकण पूर्ण बसत नाही, त्यामुळे पाणी लवकर उडतं आणि रोज अर्धा मग साधं पाणी टाकावं लागतं. आई म्हणते, नळ फुटल्यासारखा दिसते. पण पंप पडलेला नाही. आईने अगरबत्ती पुन्हा सुरू केली. तीन तोंडं सकाळी उघडतात. चौथं फुटेल की नाही मला माहीत नाही, शिशिर म्हणतो वर्ष लागेल.

परवा मी आणि बाबा दोघं मिळून पाइप पुसत होतो. मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मी जे बोलले, ते भंगाराचं..."

"झाकण पाहून घे आधी," बाबा म्हणाले. "तिरपं बसलं. इकडून दाब."

मी इकडून दाबलं, त्यांनी तिकडून पाइप धरला. झाकण तिरपंच राहिलं. मग ते कानस आणायला आत गेले.