डावा टाका

आत्याने सुई डाव्या हातात घेतली, तशी कारखान्याच्या हॉलमधल्या साठ बायकांनीही आपापली सुई डाव्या हातात घेतली. गुडघ्यांत लाकडी चिमटे, चिमट्यांत चामड्याच्या मुठी, आणि साठ डावे कोपर एकदम बाहेर आले. नऊ दिवसांत आत्याने हे कितीदा तरी पाहिलं होतं, पण दर वेळी तिचा हात क्षणभर थांबायचा. जी बाई जन्मभर चारचौघांत एकटीच उलट्या हाताची म्हणून वावरली, तिला म्हातारपणी एवढी जातभाई मंडळी एका छपराखाली मिळाली, तर तिचं दुसरं काय होणार?

आत्या तिला सगळेच म्हणत. खरं तर ती एकट्या मालकाची आत्या. मालकाचा बाप म्हणजे तिचा थोरला भाऊ, दादा. तो प्रवासाच्या पेट्या बनवायचा. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत घर आणि मधल्या दारात पेट्यांची चळत, त्यामुळे जेवायला जायचं तर अंग चोरून आडवं जावं लागे. दादा लाकूड कापायचा, चामडं चढवायचा, कुलूप बसवायचा. मुठी शिवायचं काम आत्याचं. शाळेत बोटांवर पट्ट्या खाऊनही तिचा हात सुधारला नव्हता, आणि त्या हाताचा टाकाही सगळ्या जगाच्या उलट, डावीकडे कलायचा. दादा सुरुवातीला गिऱ्हाइकापुढे पेटी अशी ठेवायचा, की मूठ भिंतीकडे जावी. मग एका नटीचा तीच मूठ धरून गाडीतून उतरतानाचा फोटो छापून आला, आणि पुढच्याच आठवड्यात लोक दुकानात येऊन विचारू लागले, तो तिरका टाका असलेली आहे का?

पुढचं सगळं भराभर झालं. लोकांनी जड पेट्या टाकून दिल्या, तेव्हा दादाने मूठ तेवढी ठेवली आणि तिच्याखाली पिशवी लावली. त्या पिशवीने घर वर काढलं. मागून पट्टे आले, बूट आले, रेशमी रुमाल आले. अत्तर आलं तेव्हा आत्याने बाटली उघडून हुंगली. अत्तराला पेट्या चिकटवायच्या सरसाचा वास येत नाही याचंच तिला नवल वाटलं. आता चाळीस शहरांत दुकानं होती आणि प्रत्येक काचेच्या दारावर डावीकडे कललेल्या तीन रेघा. शाळेने ज्या खोडीसाठी मारलं, ती आता लोक रांग लावून विकत घेत होते.

रस्त्यात एखाद्या बाईच्या खांद्यावर त्या रेघा दिसल्या, की आत्या उगाच दोन वळणं तिच्या मागून चालत जायची. बोलायचं काही नसे. बाई कुठल्या तरी दारात शिरली की आत्या आपल्या चौथ्या मजल्यावर परत यायची. तिथे दिवसातून दोनदा फोन वाजला, तर त्यातला एक चुकून लागलेला असे.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र कुणाला माहीत नव्हती: तो टाका आत्याचा होता. एका वर्तमानपत्रवाल्याने दादाला विचारलं होतं, "हा हात कुणाचा?" दादा म्हणाला, "आमच्या घरचाच." त्या गृहस्थाने छापून टाकलं, की संस्थापक डावखुरे आहेत. दादाने खुलासा केला नाही. उलट पुढच्या फोटोला तो डाव्या हातात चामडं टोचायची आरी धरून उभा राहिला. अंगठा भलतीकडेच होता. तेव्हा आत्याला हसू आवरेना. राग आला तो पुष्कळ वर्षांनी, आणि उशिरा आला म्हणून की काय, लवकर गेला नाही. तोवर दादा गेला होता आणि भाचा तो फोटो बघत मोठा झाला होता. कारखान्यातल्या शिकवणीच्या पुस्तकात पहिल्याच पानावर छापलं गेलं: मुठीचा टाका डाव्या हातानेच घालावा.

दोन आठवड्यांपूर्वी भाचा घरी आला, तो चहाचा कप हातात तसाच धरून बोलत राहिला.

"नव्या बायका टिकत नाहीत गं. सहा महिने शिकवायचं, आणि हात बसायच्या आत निघून जातात."

"मग मी काय करू?"

"तू नुसती येऊन बस. बाबांसारखं शिवणारी आता तू एकटीच उरलीस. तुला बघून त्यांना धीर येईल."

'बाबांसारखं' हा शब्द आत्याने चहाबरोबर गिळला. न्यायला गाडी आठला यायची होती. दुसऱ्या दिवशी ती सातलाच खाली जाऊन उभी राहिली.

आणि आता नऊ दिवस झाले होते. नऊ दिवसांत ती सुखी होती, हे आडपडदा न ठेवता सांगायला हवं. दुपारच्या सुट्टीत बायका तिच्याभोवती बसत, सूनबाईंची गाऱ्हाणी सांगत, तिच्या डब्यात डोकावत. कुणी "इकडून कसं हो ओढता?" विचारलं, की ती नुसता हात पुढे करायची. हात उलटा करून समजवावं लागत नव्हतं. घरी आल्यावर ती दिवसभरात कोण काय म्हणालं ते आठवत जेवायची, आणि ताट धुवायला उठेपर्यंत घर रिकामं वाटत नसे.

तिच्या डाव्या हाताला बसायची ती शेजारीण चाळिशीची, दोन मुलांची आई. नवव्या दिवशी तिने मनगटाला कापड गुंडाळलेलं होतं.

"काय झालं गं?"

"काही नाही. घरी गेल्यावर कुलूप उघडायला धाकटीला हाक मारते, एवढंच."

"उजव्या हाताने उघड की."

"त्यानेच उघडायची हो. पण दिवसभर चिमटा सावरून तोही धरतो. मुळात मी उजव्या हाताची बाई." ती हसली, पण आवाज खाली गेला. "शुक्रवारी परीक्षा आहे. वीतभर टाका एकसारखा आला तर ठेवतील. नाही आला तर घरी. घरी बसून कसं भागणार, ते विचारू नका."

आत्याने विचारलं नाही. तिने मान खाली घातली आणि शिवू लागली. कारण उपाय तिला ठाऊक होता.

फार वर्षांपूर्वी ऐन मोठ्या मागणीत तिला ताप भरला होता. तेव्हा तिने अंथरुणातून दादाला शिकवलं होतं, उजव्या हाताने हाच टाका कसा घालायचा ते. अर्धा तास लागला होता. म्हणजे आता उठून बोललं, तर अर्ध्या तासात साठ बायकांचे हात सुटणार होते. आणि मग या हॉलमध्ये डावखुरी अशी एकच बाई उरणार होती.

त्या दिवशी, बुधवारी, ती मूग गिळून बसली. गुरुवारीही. गुरुवारी शेजारणीच्या हातून आरी निसटून मांडीला लागली, तेव्हा आत्याने रुमाल दिला आणि तोंड फिरवलं. घरी येऊन ती जेवली नाही. स्वतःचीच इतकी लाज तिला यापूर्वी एकदाच वाटली असेल, आणि तेव्हा ती नऊ वर्षांची होती, शाळेत पट्टीपुढे हात धरून उभी.

शुक्रवारी परीक्षेच्या आधी तिने शेजारणीच्या हातातून मूठ काढून घेतली.

"हे उलटं धर. आतली बाजू आपल्याकडे. आता आरी उजव्या हातात घे, नेहमी घेशील तशी."

"पुस्तकात तर..."

"पुस्तक राहू दे. टोच. सुई घाल. थांब, ओढू नकोस. आधी दोऱ्याचा एक वेढा दे सुईला. हं, आता ओढ."

दहा टाके झाल्यावर आत्याने मूठ फिरवून समोरची बाजू दाखवली. टाके डावीकडे कललेले होते, एकसारखे. शेजारीण त्यांच्याकडे बघतच राहिली. मागच्या दोघी उठून आल्या, मग त्यांच्या मागच्या, आणि थोड्या वेळाने शिकवणाऱ्या बाईंनी भाच्याला बोलावून आणलं. त्याने ती मूठ खिडकीशी नेली, नखाने टाके चाचपले.

"हे बाबांना माहीत होतं?"

"माझ्याकडूनच शिकला होता. मला ताप आला होता तेव्हा."

भाच्याने मूठ पुन्हा उलटून पाहिली. हिशेब जुळायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्याला लागला.

"मग तो फोटो?"

"फोटो छान आला होता," आत्या म्हणाली.

तो तिच्यापाशी येऊन उभा राहिला. काहीतरी बोलणार होता, पण हॉलमध्ये साठ बायका होत्या. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, काढला, आणि परीक्षा सोमवारवर ढकलल्याचं सांगून निघून गेला.

सोमवारी परीक्षा झाली. शेजारीण पास झाली, मागच्या दोघीही झाल्या. मनगटाचं कापड सुटलं होतं. दुपारनंतर कामाला वेग आला, आणि त्याबरोबर गप्पांनाही. सगळ्या आत्याशी आदल्या आठवड्याहून गोड बोलत होत्या, तिच्यासाठी पाणी आणत होत्या.

तिचा डावा कोपर आणि शेजारणीचा उजवा कोपर एकदा एकमेकांवर आदळले. सुई घसरली.

"माझंच चुकलं," शेजारीण म्हणाली.

थोड्या वेळाने पुन्हा आदळले. शेजारणीने आपलं स्टूल बोटभर सरकवलं. तिसऱ्यांदा काही झालं नाही, कारण ती आता कोपर अंगाशी घट्ट धरून शिवत होती. तसं शिवलं की टाका ढिला पडतो, हे आत्याला न बघता कळत होतं.

"जागा कमी पडते का गं?"

"नाही हो. बसा तुम्ही."

आत्या उठली. एका हातात स्टूल, दुसऱ्यात चिमटा घेऊन ती रांगेच्या मागून चालत डाव्या टोकाला गेली आणि तिथे बसली. दोऱ्याला मेण लावलं, मूठ चिमट्यात धरली, सुई ओढली. डावीकडे कुणीच नव्हतं, आणि कोपराला हवी तेवढी जागा होती.