देवमाशांच्या मयताला

भरती आली, ओसरली, पुन्हा आली. वाळूवर अडकलेले देवमासे समुद्राकडे वळले नाहीत; काही तर मेलेही होते. सिद्धी कालपासून तिथंच होती. अंगावर ओल्या चादरी घालायच्या, बादलीनं पाणी ओतायचं, कानाशी बोलत राहायचं. विद्यापीठातल्या तिच्या प्राणिहक्कवाल्या ग्रुपची सगळी पोरं राबत होती.

दुपारी तिची आई विभावरी रिकार्टनच्या घरून आली ती शेजारच्या मोरियामा-सानना घेऊनच. आईची हॉस्पिटलात ड्यूटी असली की लहानगी सिद्धी त्यांच्याकडेच जेवायची, तिथंच झोपायची. ओजीसान म्हणायची त्यांना, म्हणजे जपानीत आजोबा. तरुणपणी ते काय करायचे हे विभावरीला ठाऊक होतं. लेकीला तिनं "बोटीवर होते" एवढंच सांगितलेलं.

ओजीसानांच्या गावी मारलेल्या देवमाशांचं दरवर्षी देवळात श्राद्ध व्हायचं. माणसासारखं नाव ठेवायचे मेलेल्याला. इथं आल्यापासून त्यांच्या हातून ते राहून गेलं होतं, आणि आता छातीचं दुखणं असं बळावलेलं की हिवाळ्यापुढचं कुणी बोलत नव्हतं. "एकदा मला तिथं न्याल?" त्यांनी विचारलं. विभावरीला नाही म्हणवेना. मयताला आलेल्याला कुणी परत पाठवत नाही, वैरी असला तरी. सिन्नरला, माहेरी, तिनं हेच पाहिलेलं. सगळीकडे असंच असणार, असं ती धरून चालली.

किनाऱ्यावर एक माओरी वडीलधारे मेलेल्या देवमाशांसाठी प्रार्थना म्हणत होते. सगळ्यांच्या माना खाली. प्रार्थना संपल्यावर ओजीसान पुढं झाले, खिशातून उदबत्त्या काढल्या.

"किया ओरा," ग्रुपमधल्या एका मुलीनं हसून माओरीत नमस्कार केला. "तुम्ही पण व्हेल्सचं काम करता?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. ते म्हणाले, "करायचो. जहाजावर. हार्पून मारायचो."

सिद्धीच्या हातातली बादली कलंडली.

"मम, यू न्यू?"

"अगं, त्यांना नुसता नमस्कार करायचाय."

"ही किल्ड देम. आणि आता उदबत्ती?"

"आपल्याकडे नाही का, बोकड कापायच्या आधी त्याला कुंकू लावतात, पाया पडतात..."

"दॅट्स वर्स, मम."

"सिद्धी-चान," ओजीसान हळूच म्हणाले, "लांबूनच करीन."

ती आडवी उभी राहिली. हलली नाही. "नॉट यू, ओजीसान. एनिवन एल्स."

दिवस कलला तसा रेंजर बंदूक घेऊन आला. हे आता वाचत नाहीत, म्हणाला, हाल तरी थांबवू. सगळ्यांना वाळूच्या टेकाडामागं नेलं. एकेक बार होत होता आणि सिद्धी कान झाकून एकटीच बसली होती. पूर्वी अशी रडली की ती ओजीसानांच्या कुशीत शिरायची. ते चार हातांवर उभे होते. उदबत्त्या मुठीत मोडल्या होत्या.

विभावरीच्या ओठांशी काहीतरी जुळत आलं:

नाव नाही ठेविलं, दिवा नाही उशाला,
कोण रडेल बाई, अशा देवमाशाला.

पण म्हणायचं कुणापुढं?

सिद्धी मैत्रिणींच्या गाडीतून गेली. विभावरीनं आपल्या गाडीत ओजीसानांचा पट्टा लावून दिला.

"उद्या सकाळी येऊ आपण दोघंच. कुणी नसेल."

"नको," ते म्हणाले. "मेलेल्यांच्या घरची माणसं आहेत ती. त्यांनी नाही म्हटलंय."