गाळलेलं प्रकरण

आमच्या प्रकाशनाकडे येणारी हस्तलिखितं वाचून छापायचं की परत पाठवायचं, हे सांगायचं काम माझं. अकरा वर्षं ते करतोय, आणि त्यातली निदान पाच तरी न वाचताच करतोय. पहिली चार पानं चाळायची आणि पत्रात ठरलेलं वाक्य टाकायचं: लेखन प्रामाणिक आहे, पण शेवटचं प्रकरण लांबलं आहे. हे सगळ्यांना लागू पडतं. उलटून कुणी विचारत नाही.

भाऊजींचं बाड माझ्या टेबलावर चार महिने पडून होतं. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. तीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या आणि निवृत्त झाल्यावर त्या आठवणी लिहून काढल्या. घरचंच तर आहे, वाचू सावकाश, म्हणत मी चालढकल केली. मग साहेबांनी टेबल रिकामं करायला सांगितलं, आणि भाऊजींनाही तेच वाक्य गेलं.

भाऊजी खचले नाहीत. दुसऱ्या प्रकाशकांच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा आपणच छापू, म्हणाले. पदरमोड करून, छापखान्यात खेटे घालून त्यांनी दोनशे प्रती काढल्या आणि रविवारी मला घरी बोलावून पहिली प्रत हातात दिली. तिसऱ्याच पानावर माझे आभार होते. ओळ न् ओळ वाचून शेवटच्या प्रकरणाबद्दल मोलाचा सल्ला दिल्याबद्दल.

मी घाईने शेवटची पानं उघडली.

"प्रकरण कमी केलंत का?" मी विचारलं.

"गाळूनच टाकलं. तू जाणकार माणूस, उगाच थोडंच लिहिशील? लोक म्हणतात, स्वतः छापलेल्या पुस्तकाला कोण विचारतो. मी सांगतो, छापलं मी असेन, पण वाचलंय प्रकाशनातल्या माणसाने." ते खुशीत पेन आणायला आत गेले.

ताई माझ्याजवळ येऊन बसली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "खरंच कंटाळवाणं होतं का रे ते?"

"कोणतं?"

"शेवटचं. हे लिफ्टच्या खड्ड्यात पडून दोन वर्षं अंथरुणाला खिळले होते, तेव्हा मी शिवणकाम करून घर चालवलं, ते. अख्ख्या पुस्तकात मी तेवढ्यातच होते. मला नावाची हौस नाही. पण लिहून झाल्यावर यांनी मला वाचून दाखवलं होतं, आणि वाचताना यांचा आवाज भरून आला होता."

मी थाप मारायला तोंड उघडलं. पण ताईसमोर माझी थाप कधी टिकलेली नाही.

"ताई, मी ते वाचलंच नाही. चार पानांपुढे काहीच वाचलं नाही."

मला स्वतःची इतकी लाज वाटली, की तिने थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं.

"मी आत्ता सांगतो त्यांना," मी उठलो. "ते प्रकरण घालून पुन्हा छापू."

"खाली बस," ती हळू आवाजात म्हणाली. "एक अक्षर बोलायचं नाहीस. कुणीतरी आपलं सगळं वाचलं, एवढ्यावर त्यांनी उभारी धरली आहे. मी पुस्तकात नसले तरी चालेल."

भाऊजी पेन घेऊन आले. "तुझ्या प्रतीवर काय लिहू?"

मी ताईकडे पाहिलं. ती खिडकीचा पडदा सारखा करत होती.

"तुम्हाला वाटेल ते," मी म्हणालो.

'सर्वांत आधी वाचणाऱ्याला,' असं त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, आणि मी ते पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं.