गोमाचा आवाज

“पास कसला मागतंस रं? माझा माणूस हाये तुज्या सिनेमात,” असं म्हणून रखमीनं करवंदांची पाटी कमरेवर सावरली आणि ती सरळ थेटरात शिरली. तिच्यामागून तिची लेक मीना, मान खाली घालून. दारावरचा माणूस बघतच राहिला. पुढं उभ्या असलेल्या इंद्रजीत सरांनी त्याला हातानंच खुणावलं, की जाऊ दे.

मुंबईत रशियन सिनेमांचा महोत्सव चालला होता. त्यातला एक दिवस मुरबाडला आणण्याचा खटाटोप कॉलेजातल्या या इंद्रजीत सरांचा. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. पण सरांचं म्हणणं बिनतोड होतं. त्यातला एक सिनेमा अठरा वर्षांपूर्वी इथेच, टोकावड्याच्या पुढे, नदीकाठी काढलेला. मग तो इथल्या माणसांनी नाही बघायचा तर कुणी?

त्या वेळी रशियन मंडळींनी वाडीतल्या काही जणांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं होतं. रखमीचा नवरा गोमा त्यांतला एक. पुढच्याच वर्षी खदाणीत दरड कोसळून तो गेला. मीना तेव्हा धड बसायलाही शिकली नव्हती. गोमाचा फोटो म्हणाल तर एकही नाही. फोटो काढायला कल्याण गाठायचं, असल्या चैनी कुणाच्या डोक्यात होत्या?

आता मीनाचं लग्न आठवड्यावर आलं होतं. कसाऱ्याकडचं स्थळ. रखमी करवंदं विकायची त्या बाजारात येऊन सर सिनेमाची बातमी सांगून गेले, तेव्हापासून रखमीनं सगळ्या बाजारात डांगोरा पिटला होता, “बापाचं तोंड बगितल्याबिगर माजी पोर सासरी जायाची नाय.”

शेजारी भाजी विकणारा पंढरी तिला डिवचायचा. “अगो, सिनेमावाले कापाकापी करतान. गोमाला कापला असला तर?”

“कापतील कशे? त्याच्यावानी तोंड त्यांच्या मुलखात तरी हाये का?”

पंढरी भाजीवर पाणी शिंपडायला लागायचा. रखमीपुढं कुणाचं काही चालत नसे.

सिनेमा सुरू झाला. गोरे इंजिनेर आले, नदी आली, तंबू आले. थेटरातले लोक “तो बग आपला डोंगर!” म्हणून ओरडत होते. रखमी करवंदं खात आरामात बसली होती. पण अर्धा सिनेमा सरला तरी गोमाचा पत्ता नाही. तिचा हात पाटीतच थांबला. मागच्या रांगेत बसलेला पंढरीही काही बोलेना, आणि त्याचं हे न बोलणं तिला जास्त टोचलं. पहिल्यांदाच तिला भीती वाटली. आपण उगाच पोरीला आशा लावली, असं वाटलं.

मग पडद्यावर नदीला पूर आला. काठावरच्या खडकावर एक माणूस उभा होता. कॅमेरा जवळ जवळ गेला आणि सगळा पडदा गोमाच्या तोंडानं भरून गेला.

डोक्याला फडकं, कपाळावर घाम, वर उचललेली हनुवटी, पुढच्या दोन दातांमध्ये फट. मीनाची जीभ आपोआप स्वतःच्या दातांतल्या फटीकडे गेली. वाडीत सगळे तिला विचारायचे, ही फट कुणाची आणलीस गो? आज उत्तर मिळालं.

गोमानं तोंड उघडलं. आणि आतून एक जाडाभरडा रशियन आवाज आला. खाली इंग्रजी अक्षरं उमटली. सरांनी वाकून रखमीला त्यांचा अर्थ सांगितला, “तो म्हणतोय, नदी आपल्याला कधीच माफ करणार नाही.”

“खोटं!” रखमी ताडकन उभी राहिली. तोंड तिच्या माणसाचं आणि आवाज भलत्याचाच. तिला भयंकर राग आला. “तो आसा काय नाय बोलला. मी व्हते ना तिथं!”

थेटरात हशा पिकला. सरांनी सिनेमा थांबवायला लावला. दिवे लागले.

“मग काय म्हणाले ते, मावशी?” सरांनी विचारलं.

“आता सांगत्ये. मी चुलीवर भात ठेवून शूटिंग बगाया गेल्ती. त्या बाप्यांनी त्याला सांगलं, काय पन वरड, आवाज मागनं घालू. ह्यो खडकावर चढला, तर त्याला आमच्या खोपटातला धूर दिसला. मी हिकडं कॅमेऱ्यामागं. मग काय, लागला मलाच वराडाया. आन ते गोरे खूस! म्हनत, काय काळजी दिसत्ये तोंडावर! दिसल नाय तर? भात खराच करपत व्हता!”

सगळं थेटर पुन्हा हसलं, पण या वेळी तिच्या बाजूनं. सरांनी वर ऑपरेटरला विनंती केली. तेवढं रीळ पुन्हा लागलं, आवाज बंद करून.

पूर आला. खडक आला. गोमानं हनुवटी उचलली, आणि अंधारात रखमीचा खणखणीत आवाज घुमला,

“रखमेऽ, भात करपला गोऽ!”

गोमाच्या ओठांशी तिचा शब्द न शब्द जुळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पंढरीनं शिट्टी मारली. रखमी पदर खोचून खाली बसली. मीना मात्र एक अक्षर बोलली नाही. सिनेमा संपला, सरांनी नमस्कार केला, दोघी बाहेर पडल्या, तरी गप्पच.

टोकावड्याची एस.टी. लागली होती. रखमी पाटी घेऊन झपाझप पुढं चालली होती. पोरीला बाप दाखवला, आता लग्नाची तयारी, असं तिच्या मनात चाललेलं.

मागून हाक आली.

“रखमे, भात करपला गो!”

“आले रं, आले!” म्हणत रखमी गर्रकन वळली. दोन पावलं धावलीसुद्धा. मग थांबली. समोर मीना उभी होती. रखमीच्या कमरेवरची पाटी कलली होती आणि करवंदं रस्त्यावर सांडली होती.

“आये, चुकला काय?” मीना घाबरून म्हणाली.

रखमी खाली बसून करवंदं गोळा करू लागली. एस.टी.नं हॉर्न दिला, तरी तिनं मान वर केली नाही.

“आशी नाय,” ती म्हणाली. “शेवटचा ‘गो’ लांबवायचा. तुजा बा लांबवायचा. परत बोल.”

मीनानं हनुवटी वर उचलली.