उरलेला कान

"थांब! कानाला लावू नकोस!"

कानसेन ओरडला, तोवर बायकोने हेडफोन उचललाही होता. ती दचकली.

"अहो, माझाच तर आवाज ऐकायचाय. त्याला काय भ्यायचं?"

"आधी टेबलावर ठेव."

"तुमचं आपलं काहीतरीच!" तिने तोंड वाकडं करून हेडफोन ठेवला.

स्टुडिओत सगळे त्याला कानसेन म्हणत, आणि डावा कान मात्र ठार बहिरा. पूर्वी एका गाण्याचं काम करताना सॉफ्टवेअरमधला प्रतिध्वनीचा इफेक्ट बिथरला आणि एक किंकाळी थेट त्या कानात शिरली. हेडफोनची उजवी बाजू तेव्हा कानावरून सरकवलेली होती, म्हणून तो कान वाचला. तेव्हापासून त्याने धसकाच घेतला. आवाजाच्या वाटेवर शेवटी लिमिटर बसवायचा, म्हणजे हद्दीबाहेर गेलेल्या आवाजाची मान धरणारा राखणदार. शिवाय हेडफोन आधी टेबलावर वाजवायचा, मगच कानाला. लोक हसत. हसोत बापडे.

बायकोने आयुष्यात पहिल्यांदाच एक गोष्ट वाचून रेकॉर्ड केली होती. विहिरीच्या प्रसंगात आवाज घुमायला हवा, म्हणून त्याने भीत भीत तोच इफेक्ट लावला होता.

त्याने बटण दाबलं. दोन-चार शब्द नीट आले. मग घुमणारा आवाज स्वतःवरच चढत गेला आणि टेबलावरच्या हेडफोनमधून कर्कश किंकाळी फुटली. त्याने झडप घालून ती बंद केली. पडद्यावर लिमिटर बंद होता. सकाळी दुसऱ्या कामाची अंतिम फाइल काढताना आवाज दबू नये म्हणून त्यानेच तो बंद केला होता, आणि तसाच विसरला होता.

"हे माझ्या कानात गेलं असतं?"

"हो."

त्याने इफेक्ट उतरवला, लिमिटर चालू केला, टेबलावर पुन्हा वाजवून पाहिलं. "आता लाव."

"नको. मला भीती वाटते."

"एवढं हौसेनं वाचलंस..."

"नको म्हटलं ना!"

भीती त्यालाही वाटत होती, तिच्याहून जास्त. पण डाव्या कानाला लावून काही कळणार नव्हतं. त्याने हेडफोन उजव्या कानावर धरला, डोळे घट्ट मिटले आणि बटण दाबलं.

तिचा आवाज आला. सावकाश, थोडा कापरा.

डावीकडे उभी राहून ती काहीतरी म्हणाली. त्याला ते ऐकू आलं नाही. मग तिने त्याच्या हातातून हेडफोन अलगद काढून घेतला आणि स्वतःच्या कानाला लावला.